थांबलेल्या बॉलवर एक तरी गोल घालून दाखवा!

ऊस तोडून नेला की फडात पाचट कसं गुडघ्याएवढं साठतं, तसे आमच्या टीमचे किस्से साठलेत. उचलायला जावं तर संपत नाहीत, आणि राहू द्यावेत तर पाय टाकायला जागा नाही. कुणाच्या हळदीला जा, कुणाच्या बारशाला जा, बाया भोवती गोळा होतात. "मालनकाकू, त्ये बेबीचं सांगा की!" मी सांगते. लाज कसली? गोल खाल्ले ते दिवसाढवळ्या खाल्ले, सगळ्या गावानं बघितले!

आधी आमची ओळख. गाव इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या अलीकडचं. आमची फुटबॉलची टीम आहे. पोरींची नव्हे, बायकांची. सगळ्या लग्न झालेल्या, लेकरंबाळं असलेल्या, दोघी तर आज्या. धारा, भाकरी, धुणं उरकून रविवारी सकाळी शाळेमागच्या मैदानात आम्ही खेळतो. शिकवते माझी पुतणी अश्विनी. ती बारामतीला कॉलेजात खेळते आणि शनिवारी एसटीनं घरी येते. मी टीमची कॅप्टन. शाळा चौथीपर्यंत, आवाज चावडीपर्यंत.

पळत्या बॉलवर आम्ही कुणाला ऐकत नाही. सुटलेल्या म्हशीमागं पळालेल्या बाया आम्ही, पोरीसोरी काय आम्हाला चुकवणार! पण बॉल थांबला, की आमचं घर उघडं. कुणी कोपऱ्यात ठेवून कॉर्नर मारला, नाहीतर शिट्टी वाजून समोरच्याला फ्री किक मिळाली, की गोल ठरलेला. बॉल पळत असला की डोकं चालवायला वेळ नसतो म्हणून बरं चालायचं. तो थांबला की आम्ही विचार करायचो, आणि सगळ्या वेगवेगळा करायचो!

त्यापायी आमची रविवारची सकाळ जायची पाळी आली होती. क्रिकेटच्या पोरांना तेच मैदान पाहिजे होतं. ते कसं झालं, ते ओळीनं सांगते.

* * *

पहिला कॉर्नर आम्ही बारामतीला खाल्ला. पहिलीच स्पर्धा, पुढं कॉलेजच्या पोरी. त्यांना कॉर्नर मिळाला, तशी अश्विनी बाहेरनं ओरडली, "मागं या! सगळ्या मागं या! गोल राखा!"

आम्ही आलो की! अकराच्या अकरा. गोलाच्या दोन खांबांमध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या. लग्नात फोटोला राहतात तशा, बुटक्या पुढं, उंच मागं. आमची गोलकीपर कमल सगळ्यात उंच, म्हणून ती पार मागं, जाळीला टेकलेली.

समोरच्या पोरी आधी चक्रावल्या, मग हसायला लागल्या. कॉर्नर आला, एकीनं पाय लावला, बॉल आमच्या वंदनाच्या कमरेवर आपटला आणि आत गेला. शिट्टी वाजली. 

मागनं कमलचा बारीक आवाज आला, "आला का गं बॉल? मला न्हाय दिसला!"

अश्विनीनं कपाळाला हात लावला. घरी येताना एसटीत म्हणाली, "काकू, गोल राखायचा म्हणजे गोलात जाऊन बसायचं नसतं. बॉल तिथवर येऊच द्यायचा न्हाय. एखादी पहिल्या खांबापाशी राहू दे, बाकीच्यांनी पुढं जाऊन गाठायचा."

"मग तसं बोलायचं!" मी म्हटलं. "राखा म्हणलीस, राखला!"

* * *

आता बेबीचं. बेबी शेळ्या पाळते. तिला कधी मोजावं लागत नाही, कळपातली एक इकडंतिकडं झाली की तिला पाठमोरी असतानासुद्धा कळतं. म्हणून अश्विनीनं तिला मार्किंगला घातलं. मार्किंग म्हणजे कॉर्नरच्या वेळी समोरच्यातली एक बाई धरायची आणि तिला मोकळं सोडायचं नाही.

"बेबीताई, ती सात नंबर बघा. उंच हाय, हेडर चांगला मारती. तिला सोडायचं न्हाय. ती जाईल तिथं तुमी."

बेबीनं मान हलवली. आणि खरंच सोडली नाही! सात नंबर पाणी प्यायला गेली, बेबी गेली. सात नंबर बुटाची नाडी बांधायला बसली, बेबी बसली. ती पोर वैतागून म्हणाली, "मावशी, जरा लांब व्हा की." बेबी म्हणाली, "तू हो, मी येती."

दुसऱ्या हाफला आमच्यावर कॉर्नर आला, बॉल आला आणि तेरा नंबरच्या एका मोकळ्या पोरीनं आरामात गोल घातला. मी ओरडले, "बेबे! कुठं मेलीस?"

बेबी मैदानात नव्हतीच. सात नंबरला त्यांच्या कोचनं बदललं होतं. ती बाहेर बाकावर बसली होती, आणि शेजारी आमची बेबी! दोघी मिळून शेंगदाण्याची चिक्की खात होत्या.

"अगं, ती भाईर गेली!"

"मग? सोडू नको म्हणली न्हवं अश्विनी!"

तेव्हापासून आमच्यात नियम आहे. बाई धरायची, पण एक डोळा बॉलवर. आणि समोरच्यांनी माणूस बदललं की मी नवी बाई दाखवून देते. चिक्की मॅच संपल्यावर!

* * *

माझे केस जाड. अंबाडा घालायचे तो नारळाएवढा. डोक्यावरनं उसाच्या वाढ्याचे भारे वाहताना मी चुंबळ कधी घेतली नाही, भारा सरळ अंबाड्यावर.

पलीकडच्या गावाशी मॅच होती. कॉर्नर आला. बॉल उंच माझ्याकडं. मी मनात म्हटलं, आता दाखवते! उभी राहिले, मान ताठ केली, डोळे मिटले.

बॉल अंबाड्यावर पडला. गादीवर पडावा तसा पडला, जरा वेळ बसला, आणि घरंगळून त्यांच्या पोरीच्या पायात गेला. ताटात वाढावा तसा. गोल!

अश्विनी म्हणाली, "काकू, बॉल डोक्यावर घ्यायचा न्हाय, कपाळानं मारायचा. डोळे उघडे. वर, लांब आणि बाजूला. मधी पडला तर आपलंच मरण."

"कपाळाला कुंकू हाय."

"बॉलला लागू द्या."

 सोमवारी बारामतीला बाजाराला गेले ती पार्लरात शिरले आणि केस खांद्यापर्यंत कापून आले. गावात आल्याबरोबर सुरू! पाण्याच्या टाकीपाशी एक म्हातारी म्हणाली, "मालन, नवरा जित्ता असताना केस कापलंस?"

"व्हय," मी म्हटलं. "नवरा बी जित्ता हाय आन् गोल बी वाचतोय!"

घरी आमचे मालक जेवता जेवता थांबले. बघितलं, परत जेवायला लागले, मग हळूच म्हणाले, "इचारायचं तरी."

"बॉलनं इचारलं हुतं का?"

मालकांनी भाकरी मागितली.

* * *

कमलचं दुखणं वेगळं. हात फावड्यासारखे, उडी चांगली, भीती कशाची नाही. पण आवाजच नाही! तिच्या सासूनं आल्या आल्या शिकवलं होतं, बाईचा आवाज ओसरीच्या खाली उतरता कामा नये. आणि कॉर्नरला गोलकीपर पुढं बॉल धरायला निघाली की तिनं ओरडावं लागतं, म्हणजे आपल्या बाया बाजूला होतात. कमल म्हणायची, "माझा." पण कशी? देवाच्या कानात सांगावं तशी.

तिचं "माझा" कुणाला ऐकू जायचं नाही, आम्ही दोघी-तिघी तिच्याच अंगावर जाऊन पडायचो आणि बॉल आपला सावकाश गोलात.

अश्विनीनं समजावलं, मी रागावले, काही उपयोग नाही. मग एकदा हिवाळ्यात मी तिच्या रानाकडनं चालले होते. जोंधळा हुरड्याला आलेला. आणि एकदम असा आवाज आला की मी रस्त्याच्या कडेला झाले, वाटलं उसाची ट्रॉलीच आली अंगावर.

"हाऽऽऽ हुर्र्याऽऽऽ!"

रानातनं पाखरांचा अख्खा थवा उठला. राखणीच्या माळ्यावर उभी कोण? कमल!

मी खालनंच ओरडले, "कमळे! ह्यो आवाज रविवारी कुठं ठेवतीस?"

ती लाजली. "पाखरांवर वरडायला कोण काय म्हणत न्हाय, काकू."

"मग रविवारी समोर बाया न्हाईत. पाखरंच हायत. समजलं?"

पुढच्या मॅचला कॉर्नर आला. कमल दोन पावलं पुढं आली आणि तिनं सोडला की तो आवाज! समोरची उंच पोरगी डोक्यावर हात घेऊन खालीच बसली. आमच्या बाया बाजूला झाल्या. कमलनं बॉल हवेतून काढला, जोंधळ्याचं कणीस खुडावं तसा. रेफ्री पळत आला. "हे काय होतं?"

अश्विनी शांतपणे म्हणाली, "सर, कीपरचा कॉल."

कमलची सासू त्या दिवशी मॅच बघायला आली होती. घरी जाऊन काही बोलली नाही म्हणतात. बोलेल कशी? तिचा आवाज ओसरीच्या खाली उतरता कामा नये!

* * *

इंदापूरला एकदा आमच्याविरुद्ध फ्री किक दिली. बेबीनं म्हणे ढकललं. ढकललं नव्हतं, ती नुसती शेजारी उभी होती, पण बेबी शेजारी उभी राहिली तरी माणूस ढकलल्यासारखं सरकतं. आम्ही सगळ्या रेफ्रीभोवती जमा. "ओ साहेब, डोळं हायत का?" "कुठं ढकललं?" "दाखवा बरं!"

आम्ही भांडतोय तोवर समोरच्या पोरीनं बॉल ठेवला आणि मारला. गोलात कमल एकटी, आणि तीसुद्धा आमचं भांडण ऐकायला पुढं आलेली!

अश्विनी म्हणाली, "भांडण नंतर, काकू. आधी एकजण बॉलपाशी, बाकीच्या धावत मागं, बॉल आन् गोलाच्या मधी ओळीनं उभं राहून भिंत लावायची."

मी विचार केला. भांडल्याशिवाय मला राहवणार नाही. म्हणून वाटून टाकलं. भांडायचं काम माझं एकटीचं, आणि तेही बॉलच्या पुढं उभं राहून! पुढच्या फ्री किकला मी बॉलसमोर उभी, कमरेवर हात. "साहेब, फाऊल कशाचा, त्ये आधी सांगा." तोवर आमच्या बाया मागं जाऊन उभ्यासुद्धा राहिल्या. रेफ्रीनं खिशातनं पिवळं कार्ड काढून माझ्यापुढं धरलं.

"पिवळं?" मी म्हटलं. "आमचं केशरी हाय, साहेब. रेशन दुकानात इचारा!"

रेफ्री हसला, पण कार्ड काही परत घेतलं नाही.

* * *

आता वंदना आणि सुनीता. ह्या सख्ख्या जावा. सासरे तात्या, मिलिटरीतनं रिटायर झालेले. मोठा माणूस, मिशा मोठ्या, शब्द मोठा. तात्यांनी दोन्ही पोरांची वाटणी करून दिली तेव्हा मधल्या बांधावरनं भांडण झालं. बांध वंदनाच्या बाजूला सरकलाय असं सुनीता म्हणायची, सुनीताच्या बाजूला सरकलाय असं वंदना म्हणायची. तेव्हापासून दोघी एका वस्तीवर राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या. तात्या दोन्ही घरी पाळीनं जेवायचे, त्यामुळं दोन्हीकडचं मीठ कमी-जास्त सगळं त्यांना माहीत.

टीममध्ये दोघी बचावाला. अश्विनीनं नवी पद्धत आणली. प्रत्येकीनं बाई धरायच्या ऐवजी गोलापुढची जागा वाटून घ्यायची. आपल्या जागेत बॉल आला की आपला. तिनं काठीनं मैदानात रेघा मारल्या. मी बघतच राहिले. वंदना आणि सुनीता शेजारी शेजारी, आणि मधे रेघ!

"अश्विनी," मी म्हटलं, "ही रेघ पूस."

"का?"

का ते रविवारी कळलं. कॉर्नर आला आणि बॉल बरोब्बर रेघेवर पडला. वंदनानं सुनीताकडं बघितलं नाही. सुनीतानं वंदनाकडं बघितलं नाही. दोघी बॉलकडं बघत उभ्या. समोरची पोरगी मधनं आली, "जरा सरका" म्हणायची तेवढी राहिली, आणि तिनं गोल घातला.

मी दोघींना बाजूला घेतलं. "बोलायचं न्हाय तर बोलू नका. सणाला बोलू नका, लग्नात बोलू नका. पण कॉर्नरला एकच शब्द बोलायचा. 'माझा.' जिला बॉल दिसंल तिनं म्हणायचं. न्हायतर दोघींनी घरी बसायचं."

घरी बसायचं म्हटल्यावर दोघींचे चेहरे उतरले. रविवारची ती सकाळ दोघींनाही सोडवत नव्हती.

पुढचा कॉर्नर. बॉल आला. परत रेघेवर!  आणि सुनीता ओरडली, "माझा!"

वाटणीच्या दिवशी दोघी हाच शब्द बोलून गप्प झाल्या होत्या. वंदना जागच्या जागी थांबली. मी मनात म्हटलं, झालं, आता इथंच दुसरी वाटणी.

वंदना म्हणाली, "घे."

सुनीतानं असा बॉल मारला की तो शाळेच्या पत्र्यावर जाऊन वाजला!

* * *

एवढं सगळं शिकलो, आणि मग तात्या मैदानात उतरले.

तात्या मिलिटरीत फुटबॉल खेळायचे. वय झालं तरी उजवा पाय अजून तोफ! क्रिकेटच्या पोरांनी गंमत म्हणून आमच्याशी मॅच घेतली आणि तात्यांना आणलं. पोरांना फ्री किक मिळाली, आमच्या गोलाच्या तोंडाशी. भिंत लावली. मधे वंदना, सुनीता, बाजूला मी आणि आणखी दोघी. भिंतीमागं बेबी गवतात आडवी, खालनं बॉल जाऊ नये म्हणून. रेफ्री आमचे शाळेचे गुरुजी.

अश्विनीनं घोकून घेतलं होतं. भिंतीनं पाठ फिरवायची नाही. तोंड चुकवायचं नाही. हात खाली. हलायचं नाही.

तात्यांनी बॉल ठेवला. मागं गेले. पळत निघाले, आणि खाकरले.

आमच्याकडं सासरा घरात येताना अंगणातनंच खाकरतो. आतल्या सुना ओळखतात, पदर पुढं ओढतात, तोंड फिरवतात, वाट सोडतात. तात्यांचं खाकरणं तर अख्ख्या वस्तीला ठाऊक!

वंदना आणि सुनीतानं एकदम तोंडं फिरवली. दोघींचे हात डोक्याकडं गेले, पदर शोधायला. अंगात टी-शर्ट! आणि दोघी दोन बाजूंना सरकल्या. भिंतीत बैलगाडी जाईल एवढी वाट पडली, आणि बॉल बेबीच्या अंगावरनं गोलात.

मी गुरुजींच्या अंगावर धावले. "गुरुजी, ह्ये चालतं का? मुद्दाम खाकरले ते!"

गुरुजी दोन्हीकडं बघत म्हणाले, "मालनबाई, खोकल्याला कार्ड नसतं."

तात्या मिशीत हसले. "म्हातारा माणूस हाय. घसा हाय. येतो खोकला."

त्यांचं हसणं मी विसरले असते. पण ते नुसते हसून थांबले नाहीत. ग्रामसभेत पोरांनी मैदानाचा विषय काढला तेव्हा तात्या उठले आणि म्हणाले, "बायकांना थांबलेला बॉल राखता येत न्हाय. भिंतीत सुना उभ्या करायच्या म्हणजे दार लावून कडी काढून ठेवायची. कशाला मैदान अडवायचं? रविवारची सकाळ पोरांना द्या."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. वंदना आणि सुनीता मागं बसल्या होत्या. दोघींनी माना खाली घातल्या. ते मला दिसलं, आणि मी उठले.

"तात्या, येत्या रविवारी या. कॉर्नर मारा, फ्री किक मारा. थांबलेल्या बॉलवर एक तरी गोल घालून दाखवा! घातला, तर सकाळ पोरांची. न्हाय घातला, तर ह्या गावात परत कुणी इचारायचं न्हाय, बायका मैदानात का."

"आणि पळत्या बॉलवर घातला तर?" एक पोरगा म्हणाला.

"त्यो घाला की. त्यो तुमाला बक्षीस!"

सरपंचांनी मान डोलावली. ठरलं.

* * *

त्या आठवड्यात अश्विनी रोज संध्याकाळी एसटीनं यायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, दोघी जावांना भिंतीतनं काढूया. दुसऱ्या उभ्या करू."

"न्हाय," मी म्हटलं. "ग्रामसभेत माना त्यांच्या खाली गेल्या. भिंतीत त्याच. आन् मधोमध."

मग सराव सुरू. भिंत लावायची, एकीनं बॉल मारायचा आणि बाकीच्यांनी तात्यांसारखं खाकरायचं. बेबीला तर हुबेहूब जमायचं. आम्ही इतक्या खाकरलो की सरकारी दवाखान्याच्या आशाताई औषधाची बाटली घेऊन मैदानात आल्या. "साथ आलीय का गं?"

"व्हय," मी म्हटलं, "रविवारी जाईल."

पण जात नव्हती. पाय थांबायला शिकले, तोंड थांबायला शिकलं, पण वंदना-सुनीताचे हात काही ऐकेनात. खाकरलं की हात डोक्याकडं, आणि हात गेला की मान वळणार, मान वळली की वाट पडणार. लग्न झाल्यापासूनचे हात ते! शनिवारीसुद्धा तेच. सुनीता रडायच्या घाईला आली. "काकू, माझ्यापायी मैदान जाईल. काढा मला."

"मैदान गेलं तर सगळ्यांपायी जाईल. उभी ऱ्हा."

* * *

रविवारी सगळा गाव. शाळेच्या भिंतीवर पोरं, सावलीला म्हाताऱ्या, ट्रॅक्टरवर मालक लोक. आमचे मालकही त्यातच, माझ्याकडं बघत नव्हते आणि दुसरीकडंही बघत नव्हते.

मॅच आम्ही हरलो, ते आधीच सांगून टाकते. पळत्या बॉलवर पोरांनी दोन घातले, आम्ही एक. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. लोक फक्त कॉर्नर मोजत होते.

पहिला कॉर्नर मी कपाळानं काढला, वर, लांब, बाजूला. कुंकू बॉलला लागलं. ट्रॅक्टरवरनं कुणीतरी ओरडलं, "अंबाडा गेला, गोल वाचला!" पुढच्या कॉर्नरला पोरांनी उंच पोरगा पुढं काढला, पण बेबी त्याला असली चिकटली की तो म्हणाला, "आत्या, मला श्वास घिऊ द्या." एक कॉर्नर कमलनं पाखरं हाकलून धरला, पत्र्यावरची खरी पाखरंसुद्धा उडाली. एक बॉल रेघ होती त्याच जागी पडला. "माझा!" "घे!" गावानं दोन्ही शब्द ऐकले. तात्यांनीही ऐकले. त्यांच्या मिशा जरा हलल्या.

मग अगदी शेवटी, गुरुजी घड्याळ बघत असताना, फाऊल झाला. माझाच. गोलाच्या समोर, बरोब्बर मागच्या वेळच्या जागी. मी बॉलपुढं उभी राहून भांडून घेतलं, तोवर भिंत लागली. मग जाऊन भिंतीत उभी राहिले. बेबी मागं आडवी झाली.

तात्यांनी बॉल ठेवला. हातानं दाबून बसवला. मैदान असं शांत झालं की शाळेच्या नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू यायला लागलं.

मी शेजारी बघितलं. वंदना पुढं बघत होती. सुनीता पुढं बघत होती. आणि वंदनानं सुनीताचा एक हात धरला होता, दुसराही धरला होता. इतका घट्ट की बोटं पांढरी पडली होती. चार हात एका गाठीत, खाली.

गुरुजींनी शिट्टी मारली.

तात्या निघाले. एक पाऊल, दुसरं पाऊल. त्यांची मान वर झाली, छाती भरली. आता खाकरणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

आणि त्याच्या आधी सुनीता खाकरली.

बायकी नव्हे. अंगणातनं उंबऱ्याकडं येताना खाकरतात तसं, घशाच्या तळातनं, घर हलेल असं.

कोण वडीलधारं आलं म्हणून तात्यांनी धावता धावता मागं वळून बघितलं.

मागं कुणीच नव्हतं. पाय मात्र पुढं गेला होता. बॉलला अंगठा तेवढा लागला. बॉल डुलत डुलत भिंतीपाशी आला, वंदनाच्या बुटाला टेकून थांबला. वंदनानं सुनीताचे हात न सोडता त्याला असा पाय घातला की तो मैदान ओलांडून, रस्ता ओलांडून, उसात!

गुरुजींनी लांब शिट्टी वाजवली. संपलं.

बायांनी जो दंगा केला तो सांगत नाही. त्यातनं वाट काढत तात्या गुरुजींपाशी आले. चेहरा लाल. "गुरुजी! ह्ये काय? खोकली ती! मधीच खोकली!"

गुरुजींनी खिशात हात घातला, कार्ड चाचपलं, आणि हात रिकामाच बाहेर काढला. "खोकल्याला कार्ड नसतं, तात्या."

तात्या वळले. सुनेपुढं येऊन उभे राहिले. अख्खं गाव बघत होतं. सुनीताच्या डोक्यावर पदर नव्हता, हात अजून जावेच्या हातात होते.

"काय गं?" तात्या म्हणाले.

सुनीतानं मान वर केली.

"बाई माणूस हाय, मामंजी. घसा हाय. येतो खोकला."